शब्दांचें बिऱ्हाड

बिऱ्हाड हलविण्याचा प्रसंग ज्याच्यावर आलेला नाहीं, असा शहरवासी विरळाच. भांडीं मोजून बांधावीं, तरी नव्या घरीं नेमका पोळपाट सांपडत नाहीं. आणि पोस्टमन पुढें महिनाभर जुन्याच दारीं पत्रें टाकीत असतो. गेल्या पावसाळ्यांत आमच्या घोटावड्याच्या घरीं बसून मीं असेंच एक बिऱ्हाड हलविलें. मात्र तें भांड्याकुंड्यांचें नव्हे, शब्दांचें.

मुळशी तालुक्यांत ‘स्थलांतर’ हा शब्द हलक्या मनानें उच्चारतां येत नाहीं. १९२१ सालीं येथें धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला, तो शेतें, घरें आणि देव सोडून जाण्याची पाळी आलेल्या माणसांचा होता. त्या दुःखापुढें माझी अडचण ती काय! परंतु एकदां गेलेलें परत मिळत नाहीं, याची धास्ती मलाहि त्या आठवड्यांत कळली.

माझें एक लहानसें संकेतस्थळ आहे. त्यावर दहा वर्षांचें लेखन आहे: भाताच्या लावणीच्या तारखा, उत्सवाचीं टिपणें, आणि आजी जात्यावर म्हणत असे त्या ओव्या. आजी आतां नाहीं. ज्या वहींत त्या ओव्या प्रथम उतरल्या, ती वहीहि वाळवीनें खाल्ली. ज्या संगणकावर हें सारें भाड्यानें ठेविलें होतें, तेथील भाडें वाढलें, म्हणून मीं दुसरी जागा पाहिली. जुन्या जागेची मुदत संपण्यास आठ दिवस होते.

संकेतस्थळाचीं तीन अंगें असतात. एक त्याचें नांव, दुसरी त्याची जागा, आणि तिसरी नांवावरून जागा दाखविणारी जगभरची नोंदवही. या नोंदवहीची रचना पॉल मोकापेट्रिस यांनीं १९८३ सालीं केली. जो तो मूळ वहीकडे धांव घेऊं लागला तर ती कोलमडेल. म्हणून वाटेवरचे संगणक उत्तराची नक्कल कांहीं काळ आपल्याजवळ ठेवितात. हा काळ सेकंदांत लिहिलेला असतो. माझ्या नोंदींत तो ८६,४००, म्हणजे पुरा एक दिवस, होता. त्यामुळें पुण्याच्या बहिणीला नवें घर दिसूं लागलें, तरी मुंबईच्या मामांना जुनेंच दिसत होतें. हा दोष कोणाचाच नव्हे. हलविण्याच्या दोन दिवस आधीं तो आंकडा कमी करून ठेवावा, एवढाच धडा.

खरें संकट निराळेंच होतें. बहिणीनें दूरध्वनीवरून विचारलें, ‘‘दादा, आजीच्या ओव्या कुठल्या भाषेंत लिहिल्या आहेस?’’ पाहतों तों अक्षराअक्षराच्या जागीं डोक्यावर तिरपी रेघ असलेला लॅटिन ‘ए’, आणि त्यामागून कोठें येन या जपानी नाण्याचें चिन्ह!

याचें कारण समजून घेण्याजोगें आहे. संगणक अक्षर जाणत नाहीं, आंकडे जाणतो. आज सर्वत्र रूढ असलेली यूटीएफ-८ ही पद्धति केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनीं १९९२ सालीं आंखली. तींत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन आंकडे लागतात. ‘घ’ म्हणजे २२४, १६४, १५२. काना, मात्रा, वेलांटी यांनाहि तीन-तीन. म्हणून ‘घोटावडे’ या सात चिन्हांच्या नांवाला एकवीस आंकडे. जुन्या लॅटिन कोष्टकांत मात्र एका आंकड्याला एक अक्षर. त्यांत २२४ म्हणजे तो रेघेचा ‘ए’, आणि १६५ म्हणजे येनचें चिन्ह. माझ्या जुन्या जागेंतील माहितीच्या कोठारावर ‘लॅटिन’ अशी चिठ्ठी होती. आंत मराठी सुखानें नांदत होती, कारण ठेवणारा आणि काढणारा एकच होता. मायएसक्यूएल नांवाच्या ज्या कोठारांत बहुतेक लेखन साठविलें जातें, त्याची मूळची चिठ्ठी २०१८ च्या आठव्या आवृत्तीपर्यंत लॅटिनच होती. नव्या जागेनें चिठ्ठीवर विश्वास ठेविला, इतकेंच.

येथें मीं घाई केली. बरोबर चिठ्ठी लावून मजकूर पुन्हा पाठविला, पण नव्या घरचीं फडताळें लॅटिनच राहिलीं. ज्या अक्षराला त्यांत खण नाहीं, त्याच्या जागीं संगणक प्रश्नचिन्ह ठेवितो. ओव्यांच्या पानावर ओळींमागून ओळी प्रश्नचिन्हांच्या उभ्या राहिल्या.

या दोन बिघाडांतील भेद ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. विचित्र अक्षरें दिसलीं तर आंकडे बहुधा शाबूत असतात. वाचणारा चुकलेला असतो, आणि दुरुस्ती होऊं शकते. प्रश्नचिन्ह दिसलें तर मूळ आंकडाच पुसला गेलेला असतो. त्या पानांतून तो कोणी परत आणूं शकत नाहीं.

सुदैवानें जुन्या जागेची मुदत संपावयास दोन दिवस राहिले होते. मूळ आंकडे कांहींहि रूपांतर न करतां जसेच्या तसे बाहेर काढले, नव्या घरचीं फडताळें आधीं बदललीं, आणि मग मजकूर भरला. रात्रीं आजीची पहिली ओवी पडद्यावर उमटली, तेव्हां मीं ती मोठ्यानें वाचली.

सर्वांनाच अशी मुदत मिळते असें नाहीं. याहू कंपनीनें २६ ऑक्टोबर २००९ रोजीं जिओसिटीज ही फुकट घरांची वसाहत बंद केली, तेव्हां असंख्य लोकांचीं पानें एका दिवसांत बेघर झालीं. इंटरनेट आर्काइव्हसारख्या संस्थांनीं नकला काढून ठेविल्या, तेवढींच वांचलीं.

म्हणून ज्यांच्या घरीं असें लेखन आहे त्यांना माझें सांगणें एवढेंच: त्याची एक नक्कल स्वतःच्या पेटींत असूं द्या. पानांचे पत्ते बदलले तर जुन्या पत्त्यावर ‘कायमचे हललों’ अशी सूचना ठेवा. तिचा ठरलेला क्रमांक ३०१ आहे. आणि नव्या घरांतील प्रत्येक पान डोळ्यांनीं वाचून होईपर्यंत जुन्या घराचें भाडें भरा. ओव्या मीं आतां कागदावरहि उतरून बहिणीकडे एक प्रत दिली आहे.