धुळे टाइप केलं, उमटलं भलतंच

जळगाव-धुळ्यात उर्दू शाळा आहेत, बालभारती उर्दूतून पाठ्यपुस्तकं छापते. तरी प्रश्नपत्रिका किंवा लग्नपत्रिका उर्दूत करायची म्हटलं की अनेकांना डीटीपीवालाच आठवतो. उर्दूसाठी वेगळा कीबोर्ड विकत घ्यावा लागतो, हा त्यातला सर्वांत भाबडा समज. घरातला इंग्रजी कीबोर्ड पुरतो. सेटिंगमध्ये उर्दूचा फोनेटिक लेआउट तेवढा जोडावा लागतो.

खरी गफलत पुढे होते. आपण मोबाइलवर रोमन अक्षरांत मराठी लिहितो आणि शब्द आपोआप देवनागरीत येतो. उर्दूतही तसंच होईल असं वाटतं. गुगल इनपुट टूल्समध्ये तसं होतंही, कारण ते शब्दाचा अंदाज बांधून पर्याय सुचवतं. फोनेटिक लेआउट मात्र अंदाज बांधत नाही. एका कळीला एक अक्षर नेमलेलं, बस्स. लाहोरच्या 'क्रल्प' या संशोधन केंद्राच्या लेआउटवर डी, एच, यू, एल, ई अशा कळा दाबल्या, तर दाल, बडी हे, हमज़ा, लाम, ऐन अशी अर्थहीन रांग लागते. उर्दूत धुळ्याला बहुधा 'धुलिया' लिहितात. त्यासाठी डी, शिफ्टसह एच, डब्ल्यू, एल, आय आणि शेवटी ओ. हो, गोल 'हे' ओच्या कळीवर बसवला आहे! म्हणजे नाव फोनेटिक असलं, तरी दहा-बारा जागा पाठ कराव्याच लागतात.

उच्चार येतो म्हणजे शुद्धलेखन आलं, हाही भ्रमच. उर्दूत 'ज़' या एका उच्चाराला ज़ाल, ज़े, ज़ुआद, ज़ोए अशी चार अक्षरं आहेत. दृष्टी या अर्थाची 'नज़र' ज़ोएनं लिहायची, म्हणजे शिफ्टसह व्ही. झेडची कळ दाबली तर ज़े उमटेल आणि शब्द चुकेल. कुठला 'ज़' हवा, हे टाइप करणाऱ्यालाच ठाऊक हवं.

लिपी उजवीकडून जाते, म्हणून अक्षरं उलट्या क्रमानं टाकावी लागत नाहीत. बोलतो त्याच क्रमानं टाकायची. दिशा आणि जोडणी संगणक सांभाळतो. आकडे मात्र डावीकडून उजवीकडेच वाचले जातात.

उर्दूच्या नस्तालीक लेखनशैलीचं वळण हवं तर इनपेजच लागतं, असं छपाईवाले अजून सांगतात. 1994 साली आलेल्या त्या सॉफ्टवेअरनं उर्दू छपाईचा चेहरामोहरा बदलला, हे खरंच. पण नस्तालीक हे फॉन्टचं काम. नोटो नस्तालीक उर्दू हा फॉन्ट फुकट मिळतो आणि वर्डमध्येही चालतो. उलट जुन्या इनपेज फाइलींतला मजकूर थेट व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवला तर वाचता येत नाही. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो.

अरबी कीबोर्डवर भागवणंही टाळावं. अरबी आणि उर्दू काफ कागदावर जवळपास सारखे दिसतात, पण युनिकोडमध्ये त्यांचे संकेतांक वेगळे आहेत, 'ये'चंही तसंच. शाळेच्या यादीत अर्धी नावं एका काफनं आणि अर्धी दुसऱ्या काफनं लिहिली, तर 'करीम' शोधल्यावर काही करीम सापडतच नाहीत.