मुद्राक्षरयोजना, देवनागरी

संगणकीय अक्षरजुळणी-प्रणालीत एखादा मुद्राक्षरसंच म्हणजेच फाँट वापरण्यापूर्वी त्याच्या फायली, लिपी, भाषा, आकारमान व ओळींतील अंतर यांविषयी प्रणालीस ज्या सूचना द्याव्या लागतात, त्यांस मुद्राक्षरयोजना म्हणता येईल.

शिशाच्या खिळ्यांच्या काळात अक्षराचे रूप खिळ्यातच ठरलेले असे. विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये बंगालमधील श्रीरामपूर येथे देवनागरी खिळ्यांनी छापले गेले. पुढे जावजी दादाजी यांच्या मुंबईतील निर्णयसागर छापखान्याचे (स्थापना १८६९) खिळे सुबकपणाबद्दल नावाजले गेले. काना, मात्रा व जोडाक्षरे यांमुळे जुळाऱ्याला शेकडो खिळे हाताळावे लागत.

संगणकावर ही स्थिती पालटली. डॉनल्ड क्नूथ यांच्या टेक प्रणालीसाठी फ्रान्स वेल्टहाउस यांनी १९९१ मध्ये देवनागरी संच तयार केला. त्यात मजकूर रोमन अक्षरांत लिहून एका पूर्वप्रक्रियेने देवनागरीत आणावा लागे. युनिकोड संकेतावलीत मात्र देवनागरी वर्णांनाच स्वतंत्र संकेतांक आहेत. २००४ मध्ये आलेल्या झीटेकसारख्या प्रणाली असा मजकूर थेट स्वीकारतात. मजकुरात केवळ वर्ण साठविले जातात. त्यांचे दृश्य रूप संचातील नियमांनुसार ठरते.

म्हणूनच भाषेची सूचना महत्त्वाची ठरते. ‘ल’ व ‘श’ यांचे संकेतांक हिंदी व मराठीत एकच असले, तरी पाकळीयुक्त ल व देठयुक्त श ही मराठीची रूढ रूपे होत. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये प्रमाणीकृत वर्णमालेत ती स्वीकारली. संचात दोन्ही रूपे असूनही भाषा ‘मराठी’ अशी नोंदविली नाही, तर पुष्कळदा हिंदीतील रूपे उमटतात. संचात मराठी रूपे नसतील, तर ही सूचना निष्फळ ठरते.

‘ऱ’ची गोष्ट वेगळी आहे. ‘आचार्यांना’ म्हणजे गुरूंना आणि ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक्यांना. येथे रफार व अर्धा ऱ यांतील भेद अर्थभेदक असल्याने तो मजकुरातच नोंदवावा लागतो. संचात ते रूप नसल्यास पाय मोडलेला ऱ दिसतो.

वेलांट्या, मात्रा व उकार शिरोरेषेच्या वर व अक्षराखाली पसरत असल्याने देवनागरी ओळींत रोमनपेक्षा अधिक अंतर लागते. ठळक अक्षरांची फाइल वेगळी नोंदवावी लागते. छपाईपूर्वी ल, श, ऱ्य, र्‍ह, क्ष, ज्ञ यांचा एक नमुना-परिच्छेद जुळवून पाहिल्यास बहुतेक दोष वेळीच उघड होतात.