सर, 'गेट आऊट' म्हणण्याआधी...

मागच्या बाकांवर कुजबुज सुरू झाली की पुढे काय होतं ते आपल्या सगळ्यांना पाठ आहे. आधी फळ्याकडे तोंड करूनच "सायलेन्स प्लीज!" मग डस्टर आपटणं. मग "लास्ट टू बेंचेस, गेट आऊट!" आणि ब्रह्मास्त्र म्हणजे टर्मवर्क. "टीडब्ल्यूचे मार्क माझ्या हातात आहेत, लक्षात ठेवा!" यात पंधरा मिनिटं जातात आणि ती जातात गप्प बसलेल्यांची. बाहेर काढलेले सरळ कँटीनला. (शिक्षा की बक्षीस, देव जाणे!) पण अटेंडन्स ७५ टक्क्यांच्या खाली गेली, डिफॉल्टर लिस्टवर नाव लागलं, की मग ती गंमत राहत नाही.

माझं मराठी कॉन्व्हेंटछाप आहे, सांभाळून घ्या. पण विषय आपल्या सगळ्यांचा आहे.

अमेरिकेत डेट्रॉइटच्या वेन स्टेट युनिव्हर्सिटीत जेकब कौनिन नावाचे प्राध्यापक होते. एकदा वर्गात मागे पेपर वाचत बसलेल्या मुलाला त्यांनी झापलं. गंमत म्हणजे ज्यांचा पेपरशी काही संबंध नव्हता तेही चिडीचूप झाले, नजरा वह्यांत गेल्या. एकाला बोललेलं सगळ्यांना लागतं, याला त्यांनी 'रिपल इफेक्ट' म्हटलं आणि पुढे बरीच वर्षं यावर अभ्यास केला. त्यांचं पुस्तक १९७० साली आलं. कुणी काय थांबवायचं हे स्पष्ट सांगितलं तर उपयोग होतो, खेकसलं तर बाकीची मुलं फक्त अस्वस्थ होतात, हे त्यांना आधी दिसलं. मग त्यांनी शाळांच्या वर्गांचं व्हिडिओ शूटिंग केलं, आणि त्यात निघालं भलतंच! गडबड झाल्यावर शिक्षक कसे रागावतात याचा वर्गाच्या शिस्तीशी फारसा संबंधच नव्हता. फरक पडत होता तो आधीच्या गोष्टींनी. शिक्षकाचं वर्गात सगळीकडे लक्ष आहे हे मुलांना जाणवतं का? शिकवणं मध्येमध्ये न तुटता चालतं का?

ती शाळेतली मुलं होती, मान्य. पण आमचा टीईचा वर्ग त्यांच्यापेक्षा फार मोठा झालाय, असं आमचे रेक्टरसुद्धा म्हणणार नाहीत.

आमचे एक सर हे न सांगता करतात. कुजबुज ऐकू आली की शिकवतच चालत मागे येतात आणि त्या बाकापाशी उभे राहतात. एक शब्द बोलत नाहीत, डेरिव्हेशन चालूच! खरोखरच टारगट असलेल्याला ते प्रॅक्टिकलनंतर केबिनमध्ये एकट्याला बोलावतात. सत्तर जणांसमोर तो हीरो असतो, केबिनमध्ये नसतो. आणि एकासाठी सगळ्या वर्गाला शिक्षा केली, तर सगळा वर्ग त्याच्याच बाजूने उभा राहतो. मास बंक असेच ठरतात, हे स्टाफला मी वेगळं सांगायला नको.

आता कुजबुजीविषयी. माझ्या शेजारची मुलगी डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आली, दहावीपर्यंत मराठी मीडियम. एम-थ्रीच्या लेक्चरला ती सारखी मला विचारायची, "सर आत्ता काय म्हणाले?" मी मराठीत सांगायचे. लांबून पाहणाऱ्याला आम्ही गप्पा मारतोय असंच वाटणार! अशा जोड्या प्रत्येक वर्गात आहेत. त्यांना बाहेर काढलं तर जिला मुळात समजत नव्हतं, तिचंच लेक्चर बुडतं.

"एनी डाऊट्स? नो? गुड," हे एका श्वासात म्हटलं तर ती कधी विचारणार? मेरी बड रो या अमेरिकन बाईंनी १९७०च्या दशकात दाखवलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांब येतात आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलतात. तीन सेकंद, सर! आणि लेक्चरच्या शेवटी पाच मिनिटं तोच मुद्दा मराठीत सांगितला, तर मागच्या बाकांवरचं निम्मं भाषांतर खाते बंद होईल.