खेळण्यातील क्रेनचा दोरा

ठोकळ्यांच्या क्रेनचा दोरा तुटला की बालकाचा खेळच थांबतो. कडगंचीहून आळंद वा कलबुरगीच्या बाजारात गेले तरी नेमका तसाच दोरा मिळेल असे नाही. मग हाती लागेल तो बांधला जातो. येथे वैद्यकाची दृष्टी उपयोगी पडावी. टाका घालताना आपण दोऱ्याची केवळ ताकद पाहत नाही. तो कसा वळतो, गाठ कशी धरतो, हेही पाहतो.

शिवणाचा सुती दोरा लवकर झिजतो. पिळाची सुतळी भार पडताच उलगडू लागते आणि आकडा गरगर फिरतो. मासे धरण्याचा एकपदरी नायलॉन दोरा रिळावरचे वेटोळे विसरत नाही, त्याची गाठही निसटते. योग्य तो विणलेला, मऊ पॉलिस्टर वा नायलॉन दोरा, मूळ दोऱ्याइतकाच जाड.

परंतु सर्वांत मजबूत तोच उत्तम, हा समज सोडावा. नायलॉन मांजा तर नकोच. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये त्यावर देशभर बंदी घातली. लांब, मोकळा दोरा लहानग्याच्या गळ्याभोवती आवळू शकतो. म्हणून तो क्रेनच्या उंचीपुरताच ठेवावा. रिळाशी गाठ सैल असावी. आकडा जमिनीला टेकल्यावरही रिळावर दोन-तीन वेढे उरले, तर खेळातला भार तेच पेलतात. पण कोणी जोराने ओढल्यास दोरा सुटून येतो.

सुटलेला दोरा पुन्हा बांधता येतो. आपण जपायचे ते बालकाला.