पुढची चौकट कधी येणार?

२५ मार्च २०१३, सोमवार, होळीचा आदला दिवस. रॅन्डल मन्रोच्या ‘एक्सकेसीडी’ या वेबकॉमिकवर त्या दिवशी नवं चित्र आलं. वाळूवर बसलेली काड्यांची दोन माणसं, एक बाई आणि एक बाप्या. संवाद नाही, विनोद नाही. शीर्षक ‘टाइम’. चित्रावर माउस नेला की थांबून पाहा अशी छोटीशी सूचना दिसायची. मी काही थांबले नाही. आज मन्रोला काही सुचलेलं दिसत नाही, असं म्हणून टॅब बंद केला.

अर्ध्या तासाने ते चित्र बदललं होतं. मग आणखी अर्ध्या तासाने परत. सुरुवातीचे काही दिवस दर अर्ध्या तासाला आणि नंतर दर तासाला, आधीच्या चित्राच्याच जागी एक नवं चित्र येत राहिलं. माणसं वाळूचा किल्ला बांधू लागली. समुद्र वर चढायला लागला. एवढं पाणी येतंय कुठून, हे बघायला ती दोघं चालत निघाली. आषाढी एकादशी होऊन गेली, जुलै संपत आला, तेव्हा कुठे गोष्ट संपली. एकूण चित्रं ३,०९९. पानावर फक्त ताजं चित्र दिसायचं, म्हणून मागची चित्रं वाचकांनीच जपून ठेवली, ओळीने लावली आणि ती सिनेमासारखी चालवून बघायची सोयही केली. पुढच्या वर्षी ‘टाइम’ला विज्ञानकथांच्या जगातला मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला.

वेबकॉमिक म्हणजे स्कॅन करून नेटवर टाकलेलं कॉमिक, असं समजणाऱ्यांना मी हे उदाहरण सांगते. ‘चिंटू’ १९९१पासून ‘सकाळ’मध्ये यायचा तेव्हा त्याची जागा ठरलेली, वेळ पेपरवाल्याची, आणि चौकटी मावतील तेवढ्याच. वेबवर या तिन्ही गोष्टी चित्रकाराच्या हातात येतात. स्कॉट मॅक्क्लाउड या अमेरिकन चित्रकाराने २००० साली पुस्तकातच लिहून ठेवलं की पडदा म्हणजे पान नव्हे, ती खिडकी आहे. तिच्यामागचा कागद हवा तेवढा मोठा असू शकतो. मन्रोने सप्टेंबर २०१२मध्ये तसा कागद खरंच केला. एका चौकटीतलं चित्र माउसने धरून ओढत जायचं, आणि ते संपतच नाही. खाली बोगदे, वर ढगांत माणसं. माझी एक दुपार त्यात गेली.

आता नव्या माणसाने यात शिरायचं कसं? आधी बघायचं, समोरचं कॉमिक सुट्या विनोदांचं आहे की सलग गोष्टीचं. सुट्या विनोदांचं असेल तर पहिल्या अंकापासून सुरुवात करू नका. सुरुवातीची चित्रं बहुतेकांची कच्चीच असतात. एक्सकेसीडीची पहिली चित्रं मन्रोच्या शाळा-कॉलेजच्या वह्यांतून आलेली आहेत, काहींत चौकड्यांच्या कागदाच्या रेघाही दिसतात. तिथे ‘रँडम’ नावाचं बटण असतं, ते दाबत सुटायचं. दहा-बारा दाबांत आपलं जमतंय की नाही ते कळतं. पत्त्याच्या शेवटी अंकाचा क्रमांक असतो, तो हाताने बदलूनही फिरता येतं. फक्त ४०४ टाकू नका. तिथे कॉमिकच नाही, ‘पान सापडलं नाही’ एवढंच येतं. नेटवर न सापडलेल्या पानाचा क्रमांकच ४०४ असतो. तोही विनोदच.

चित्रावर माउस ठेवला की उमटणारी ओळ चुकवू नका. बऱ्याचदा खरी मेख तिथेच असते. फोनवर माउस नसतो, म्हणून एक्सकेसीडीची मोबाइलसाठी वेगळी आवृत्ती आहे. तीत ती ओळ बोटाने दाबून उघडता येते. मी वर्षभर फोनवर अर्धेच विनोद वाचत होते.

सलग गोष्ट मात्र पहिल्या पानापासूनच वाचायची. टॉम सिडेलचं ‘गनरक्रिग कोर्ट’ २००५पासून चालू आहे, फोग्लिओ दांपत्याचं ‘गर्ल जीनियस’ही त्याच वर्षी छापील अंकांतून वेबवर आलं. अशांचा मागचा साठा हजारो पानांचा. हा साठा एका दमात संपवायचा मोह होतो. मी एकदा तसं केलं. पहाटे साडेचारला शेवटच्या पानावर पोचले, सवयीने ‘पुढे’ दाबलं, आणि बटण मेलेलं. त्याक्षणी तीनशे पानं पळवणारी मी आठवड्याला तीन पानांच्या रांगेत उभी राहिले. तेव्हापासून शेवटची पन्नासेक पानं मी मुद्दाम हळू वाचते, म्हणजे वेगाची सवय मोडते.

कोरियन वेबटूनची चाल निराळी. २००३-०४च्या सुमारास दाउम आणि नावेर या तिथल्या पोर्टलांनी ही कॉमिक्स सुरू केली. पान उलटण्याऐवजी बोटाने खाली सरकत जायचं. यात दोन चौकटींमधली पांढरी जागा हीच वेळ मोजायची पट्टी. भांडणात चौकटी एकमेकींना चिकटलेल्या असतात. कुणी दार उघडणार असेल तर मध्ये बोटभर, वीतभर नुसता पांढरा पडदा सरकत राहतो, आणि तो सरकवणारं बोट आपलंच असतं. पान उलटायला लागणारा क्षणभराचा श्वास इथे चित्रकार हवा तेवढा ताणतो. तेच वेबटून मोठ्या पडद्यावर पाहिलं तर निम्मी गंमत जाते.

नव्या पानांचा मागोवा घ्यायचा प्रश्न याहून अवघड. समाजमाध्यमांवर चित्रकाराला ‘फॉलो’ केलं की झालं, असं वाटतं, पण तिथे काय दिसेल आणि कोणत्या क्रमाने, ते दुसराच कुणीतरी ठरवतो. गोष्टीचं एकविसावं पान आधी आणि विसावं परवा, असं होतं. यावरचा उपाय जुना आहे, आरएसएस फीड. साइटवर एक साधी मजकुराची फाइल असते. नवं पान आलं की तीत एक नोंद वाढते: शीर्षक, तारीख, दुवा आणि त्या नोंदीची एक कायमची खूण. आपल्या फोनमधलं फीड रीडर अॅप ठरावीक वेळाने ती फाइल मागवतं, आधी पाहिलेल्या खुणा वगळतं आणि उरलेलं पुढ्यात ठेवतं. बस, एवढंच. गुगलचा रीडर १ जुलै २०१३ रोजी बंद झाला तेव्हा बऱ्याच जणांनी फीडचा नाद सोडला, पण फीड कुठे गेलेलं नाही. दुसरं अॅप घ्यायचं आणि कॉमिकचा पत्ता त्यात टाकायचा. वेळापत्रक अमेरिकेचं असलं तर त्यांचा सोमवार आपल्याकडे कधी कधी मंगळवारी उगवतो, हे गृहीत धरायचं.

नवी कॉमिक्स सापडतात ती एकातून दुसरं अशी. चित्रकार आजारी पडला किंवा सुट्टीवर गेला की मित्रांना पाहुणी कॉमिक्स काढायला सांगतो. त्यातलं एखादं आवडलं की त्या पाहुण्याच्या घरी जायचं. रायन नॉर्थच्या ‘डायनोसॉर कॉमिक्स’मध्ये २००३पासून तीच सहा चित्रं आहेत, दर वेळी बदलतात ते फक्त फुग्यांतले शब्द. मित्राने हे सांगितलं तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता. आपल्याकडचं सांगायचं तर नागपूरचे रोहन चक्रवर्ती. त्यांच्या ‘ग्रीन ह्यूमर’मधून मला वाघापलीकडचे बरेच प्राणी कळले.

फुकट वाचायला मिळतं, मग चित्रकार जगतो कशावर, असं सगळे विचारतात. पुस्तकं, टी-शर्ट आणि वाचकांची महिन्याची वर्गणी. रिच बर्लू यांच्या ‘द ऑर्डर ऑफ द स्टिक’च्या संपलेल्या पुस्तकांच्या फेरछपाईसाठी २०१२मध्ये वाचकांनी साडेबारा लाख डॉलर जमवले. गोष्ट पडद्यावर फुकट होती, तरी कागदावर हवी होती. अर्थात एवढं मिळवणारे चित्रकार मोजके. बाकीचे नोकरी सांभाळून काढतात, चार-पाच पानं आगाऊ काढून ठेवतात, आणि ती शिल्लक संपली की ‘थोडी विश्रांती घेतोय’ अशी पाटी लागते.

कधी साठाच मोडतो. अँड्र्यू हसीचं ‘होमस्टक’ २००९ ते २०१६ चाललं, आठ हजारांवर पानं, आणि त्यातले मोक्याचे प्रसंग फ्लॅशमधले चलत्चित्रपट. २०२०च्या अखेरीस अडोबीने फ्लॅशच बंद केलं. मग त्या प्रसंगांसाठी चाहत्यांनी वाचवलेल्या प्रतींचा आधार घ्यावा लागला. आवडलेलं पान उतरवून ठेवायची सवय मला तेव्हा लागली.

माझ्या फीडमध्ये वर्षानुवर्षं गप्प असलेली सात नावं आहेत. ती काढून टाकत नाही, जागा थोडीच अडवतात! गेल्या पावसाळ्यात त्यातल्या एका नावापुढे अचानक ‘१’ दिसला. हातातला चहा तसाच ठेवून उघडलं. पत्त्याचं नूतनीकरण कुणी केलं नसावं, तो भलत्यानेच घेतला होता. ऑनलाइन रमीची जाहिरात होती.