क्रोन्स आजार: सूज की वण?

क्रोन्स आजारात आतड्याची भिंत आतून बाहेरपर्यंत सुजते. कोलोनोस्कोपीत दिसतो तो फक्त आतला पृष्ठभाग. शिवाय कॅमेरा लहान आतड्याच्या शेवटच्या काही सेंटिमीटरपर्यंतच पोहोचतो, आणि लहान आतडं तर सुमारे ६ मीटर लांब! म्हणून एमआरआय.

स्कॅनआधी रुग्णाला मॅनिटॉल घातलेलं लिटर-दीड लिटर पाणी पाजतात. ते फारसं शोषलं जात नाही, त्यामुळे मिटलेलं आतडं फुगतं आणि भिंत नीट दिसते. (मीही एकदा प्यायलोय. चव गोडसर, नंतर शौचालय जवळ असलेलं बरं.)

एमआरआयला दिसतो मुख्यतः पाण्यातला हायड्रोजन. सुजलेल्या भिंतीत पाणी साचतं, म्हणून चरबीचा सिग्नल दाबलेल्या 'टी२' चित्रात ती पांढरी चमकते. २०१९ च्या सोप्या 'मारिया' गुणांकनात ३ मिलिमीटरहून जास्त जाडी, भिंतीतलं पाणी आणि भोवतालच्या चरबीतली सूज यांना प्रत्येकी १ गुण, तर अल्सरला २.

खरी पंचाईत होते आतडं अरुंद झाल्यावर. सूज औषधाने उतरू शकते. वण मात्र आजच्या औषधांना दाद देत नाही. तिथे बऱ्याचदा शस्त्रक्रिया लागते. आणि बहुतेकदा दोन्ही एकाच जागी असतात! गॅडोलिनियम टोचल्यावर ७० सेकंदांनी आणि पुन्हा ७ मिनिटांनी भिंतीचा उजळपणा मोजला, तर वण जास्त असलेल्या भागात तो वाढत गेलेला दिसतो. खूण कामाची आहे, पण तेवढ्यावर कुणाचं आतडं कापायचं की नाही हे मी तरी ठरवणार नाही.