इंजिनाचें अजीर्ण

चुलींत लाकूड घातल्यावांचून जाळ होत नाहीं, हें घरांतील लहान मुलासही कळतें. परंतु चुलीचें तोंड लाकडांनीं कोंबून टाकिलें म्हणजे जाळ न होतां घरभर धूर होतो, ही गोष्ट जन्मभर फुंकणी हातीं धरलेल्या गृहिणीइतकी दुसऱ्या कोणास पुरती ठाऊक नसते. गेल्या वर्षीं पुतण्याकडे अमेरिकेंत सहा महिने राहण्याचा योग आला, तेव्हां चुलीचें हें तत्त्व आम्हांस एका मोटारीच्या इंजिनांत पाहावयास मिळालें. आमचें आयुष्य संस्कृत शिकविण्यांत गेलें. यंत्रशास्त्रांत आमचा अधिकार नाहीं. तथापि जें डोळ्यांनीं पाहिलें व पुतण्यानें समजावून सांगितलें, तें वाचकांपुढें ठेवण्यास हरकत नसावी.

पुतण्या इंडियाना संस्थानांतील कोलंबस या गांवीं अभियंता आहे. या गांवाचें पुण्याशीं नातें आहे. क्लेसी कमिन्स यांनीं १९१९ सालीं येथें डिझेल इंजिनांची कंपनी काढिली, आणि तिच्याच भागीदारीनें १९६२ सालीं पुण्यास किर्लोस्कर कमिन्स कंपनी निघाली. तेव्हां कमिन्स हें नांव आमच्या पुणेकर वाचकांस परकें वाटूं नये.

पुतण्याच्या शेजारीं एक वृद्ध शेतकरी राहतो. त्याची १९९६ सालची डॉज रॅम जातीची पिक-अप गाडी आहे. पुढें माणसांस बसावयाची जागा, मागें उघडा हौदा, आणि हौद्यामागें ट्रेलर जोडण्याची सोय. या गाडींत कमिन्सचें सहा सिलिंडरांचें, ५.९ लिटरचें इंजिन आहे. हें इंजिन रॅम गाड्यांत प्रथम १९८९ सालीं आलें, तेव्हां त्याची शक्ति १६० अश्वशक्ति होती. १९९६ सालीं हातानें गिअर बदलावयाच्या गाडींत ती २१५ करण्यांत आली. म्हातारा या गाडीविषयीं ज्या मायेनें बोलतो, ती पाहून आम्हांस देशावरील बैलजोडीच्या धन्याची आठवण झाली. गवताचे गठ्ठे वाहण्यास त्याजपाशीं दुसरें साधन नव्हतें.

त्याचा धाकटा मुलगा बावीस-तेवीस वर्षांचा. गाडी अलीकडे चढावर दम टाकते, अशी त्याची तक्रार होती. त्यावर त्यानें योजिलेला उपाय एकच : इंधन वाढविणें.

हा उपाय कळण्यास डिझेल इंजिनाची रीत ध्यानीं घेतली पाहिजे. पेट्रोलच्या इंजिनांत पाय दाबला म्हणजे हवेचा दरवाजा उघडतो व हवेच्या मानानें पेट्रोल जातें. डिझेलच्या इंजिनांत हवेस असा दरवाजा नाहीं. हवा येईल तितकी आंत येते, दडपली जाऊन तप्त होते, आणि तींत इंधनाचा फवारा सोडतांच तें ठिणगीवांचून पेट घेतें. अर्थात् शक्ति किती मिळावी हें इंधनाच्या मापानें ठरतें, आणि तें माप काढणारा पंप हा इंजिनाचा वैद्यच म्हणावयाचा. जर्मनीच्या बॉश कंपनीनें असे पंप १९२७ पासून विपुल बनविण्यास आरंभ केला. म्हाताऱ्याच्या गाडीवरील पंपही तिचाच.

या पंपांत सहा दट्ट्ये एका ओळींत उभे असतात, दर सिलिंडरास एक. दट्ट्याच्या अंगावर तिरपी खांच असते. एक सळई पुढें-मागें सरकली कीं दट्ट्ये आपल्याभोंवतीं थोडे वळतात, खांच लवकर अथवा उशिरां उघडी पडते, व त्या मानानें इंधन कमी किंवा अधिक जातें. पूर्ण भाराच्या वेळीं एका खेपेस एका सिलिंडरांत जाणारें इंधन एका मिलिलिटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतें. आणि इंजिन मिनिटास २५०० फेरे घेत असतां प्रत्येक सिलिंडरांत असा फवारा सेकंदास सुमारें २१ वेळां उडतो. हेमगर्भाची मात्रा उगाळून देणाऱ्या वैद्याचा हातही इतका नेमका चालत नसेल.

सळईनें मर्यादा सोडूं नये म्हणून दोन पहारेकरी नेमलेले असतात. पहिला म्हणजे गव्हर्नरच्या झाकणाखालील एक लहानशी पोलादी पट्टी. तिची कड ठराविक आकाराची असते आणि कोणत्या वेगास सळईनें कोठवर जावें हें ती ठरविते. दुसरा पहारेकरी म्हणजे पडदा बसविलेली एक डबी. इंजिनांतून बाहेर पडणाऱ्या वायूंच्या जोरावर टर्बोचें चाक फिरतें व तें बाहेरील हवा दाबून आंत पाठवितें; त्या हवेचा दाब पडद्यावर पडेपर्यंत ही डबी सळईस थोपवून धरिते. हवा आल्यावांचून पान वाढावयाचें नाहीं, असा तिचा नियम. कोणीं सहज उघडूं नये म्हणून डबीच्या एका स्क्रूचें डोकें कारखान्यांतच मोडून टाकिलेलें असतें.

मुलानें त्या बिनडोक्याच्या स्क्रूस करवतीनें खांच पाडिली, डबी काढिली, पट्टी जाईल तितकी पुढें सरकविली, आणि डबींतील तारेच्या आकाराचें चाक फिरवून अल्प दाबानेंही पडदा हलेल असें केलें. दुसऱ्या दिवशीं त्यानें आम्हांस फिरावयास नेलें. गाडीनें अशी उसळी घेतली कीं आमची टोपी मागच्या बाकावर गेली. खोटें कशास बोलावें, आम्हांसही मौज वाटली. मागें वळून पाहतों तों सर्व रस्ता काळ्या धुरानें भरून गेलेला!

सायंकाळीं पुतण्यानें त्यास एवढेंच विचारिलें कीं, धुराड्याच्या वायूची उष्णता मोजणारा कांटा गाडींत बसविला आहे काय? कांटा नव्हता. पुतण्यानें आम्हांस सांगितलें, "काका, एक किलो डिझेल पुरतें जळावयास सुमारें साडेचौदा किलो हवा लागते. प्रत्यक्षांत त्याहूनही बरीच अधिक असावी लागते, कारण फवाऱ्याचे कण हवेशीं मिसळावयास वेळ अगदीं थोडा मिळतो. हवा तेवढीच ठेवून इंधन वाढविलें तर कांहीं काळ शक्ति वाढते, पण न जळलेलें तें काजळी होऊन बाहेर पडतें आणि आंतील उष्णता चढत जाते. तुमच्या भाषेंत हें अजीर्ण आहे." त्यानें मुलास पुष्कळ समजाविलें, पण ज्याच्या पायाखालीं नुकतीच शक्ति आली आहे त्यास कोण काय समजाविणार?

तीन आठवड्यांनीं व्हावयाचें तें झालें. कोलंबसच्या पश्चिमेस ब्राउन काउंटीच्या टेकड्या आहेत. तेथून गवताचे गठ्ठे भरलेला ट्रेलर ओढून आणीत असतां एका लांब चढावर इंजिन खडखडूं लागलें व बंद पडलें. या इंजिनाचे पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असतात; हा धातु पोलादाच्या मानानें फार कमी उष्णतेस वितळतो. इंजिन उघडलें तेव्हां एका पिस्टनचा माथा मेणबत्तीसारखा ओघळलेला व सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे पडलेले दिसले. ऐन गवताच्या दिवसांत गाडी दारीं निजून राहिली, आणि म्हाताऱ्यानें भाड्याच्या गाडीवर पैसे घातले.

परंतु खरी गोष्ट पुढेंच आहे. खोलाखोल चालली असतां टर्बोपासून हवा थंड करणाऱ्या जाळीकडे जाणारी रबराची नळी एका बाजूस सैल होऊन फाटलेली आढळली. दाबलेली हवा तेथून निसटत होती. चढावर गाडी दम टाकीत होती ती इंधनाच्या नव्हे, हवेच्या तोट्यामुळें! ज्याचा श्वास कोंडला त्यास मुलानें लाडू भरविले होते. म्हातारा मुलास एका शब्दानें बोलला नाहीं. तो दिवा धरून शेजारीं उभा राहिला, एवढेंच आम्हीं पाहिलें. आणि मुलाची मान खालीं होती.

दुरुस्ती महिनाभर चालली. सुटीच्या दिवशीं पुतण्याही हातभार लावी. या खेपेस क्रम उलटा होता. प्रथम हवेचा मार्ग : गाळणी, नळ्या, त्यांचे सांधे. मग व्हॉल्व्हचीं अंतरें आणि इंधनाची गाळणी. मग दोन कांटे बसविले, एक टर्बोच्या दाबाचा, दुसरा टर्बोच्या अलीकडे धुराड्याच्या उष्णतेचा. पट्टी व चाक मूळच्या खुणेवर आणून गाडी त्याच चढावर नेली, तों ती पूर्वीसारखी निमूट चढून गेली! त्यानंतरच पट्टी केसभर पुढें घेऊन, भार ओढीत, कांट्यावर डोळा ठेवून परीक्षा झाली. अशा गाड्या हाताळणारे जाणते लोक ही उष्णता सुमारें ७०० अंश सेल्सियसच्या वर फार वेळ राहूं देत नाहींत. कांटा तिकडे झुकूं लागला तर पाय उचलावा व खालचा गिअर घ्यावा. इंजिनाचे फेरे वाढतात, हवा अधिक येते, उष्णता उतरते. इंजिनानें सोसलें तरी क्लच सोशीलच असें नाहीं, हेंही मुलास तेव्हां कळलें.

असा हव्यास त्या एका मुलाचाच नाहीं. १९७० च्या स्वच्छ हवेच्या कायद्यान्वयें गाडीवरील धूरनियंत्रणाशीं छेडछाड करणें अमेरिकेंत निषिद्ध आहे. तरी मागील दहा वर्षांत साडेपांच लाखांहून अधिक डिझेल पिक-अप गाड्यांवरील असें नियंत्रण काढून टाकण्यांत आलें, असा अंदाज तेथील पर्यावरण-संरक्षण खात्यानें २०२० सालीं प्रसिद्ध केला. केवळ तरुणांसच दोष द्यावा असेंही नाहीं. रॅम गाड्यांच्या इंजिनांतील धूरनियंत्रणास बगल दिल्याच्या आरोपावरून खुद्द कमिन्स कंपनीनें १६७.५ कोटी डॉलर दंड भरण्याचें २०२३ च्या डिसेंबरांत मान्य केलें. डिझेलच्या धुरानें माणसास कर्करोग होतो, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २०१२ सालींच दिला आहे. आपल्या इंजिनाचें अजीर्ण शेजाऱ्याच्या फुप्फुसांत उतरतें, हें विसरून कसें चालेल?

परत निघण्याच्या आदल्या रात्रीं आमच्या मनांत एक जुनी गोष्ट सलत होती. हाच पुतण्या दहावीस असतां आमच्या घरीं राहत होता. गणितांत त्याचे गुण उतरले, तेव्हां आम्हीं पहांटेचा एक तास वाढविला. आणखी उतरले, तेव्हां रात्रीचाही वाढविला. परीक्षेच्या तोंडावर पोर तापानें अंथरुणास खिळलें. त्यास फळ्यावरचें दिसत नव्हतें, चष्मा हवा होता, हें आम्हांस पुढें डॉक्टरनें सांगितलें. इतक्या वर्षांनीं आम्हीं त्यास विचारिलें, "तेव्हां तूं बोलला कां नाहींस?"

तो हंसला व म्हणाला, "काका, धूर येत होता. तुम्ही पाहत होतां कोठें?"